पाचव्या जागेची शर्यत

११ जानेवारी २००९
लुइझियाना

प्रिय मिस्टर वाइनो,

तुमच्याकडे मोबाईल नाही, आणि बोटघराचा फोन वाजला की कोच उचलते. म्हणून हे पत्र. हसू नका.

निघाले त्या दिवशी मी तुमचा निरोप घ्यायला आले होते. तुम्ही पाठमोरे बसून वल्ह्यांना पॉलिश घासत होतात, रेडिओ सुरू होता. मी दारात उभी राहिले, तुमची टोपी पाहिली आणि तशीच परत फिरले. हाक मारली असती तर तुम्ही कॉफी ओतली असती, आणि कॉफी प्यायले असते तर मी गेलेच नसते.

आता मी घराजवळच्या कॉलेजात आहे, इथल्या संघात. आमचा बायू, म्हणजे दलदलीतलं संथ पाणी, तुम्ही पाहिलेला नाही. नदी म्हणावी तर तो वाहत नाही, तळं म्हणावं तर थांबत नाही. सकाळी धुकं इतकं असतं की पुढच्या मुलीची पाठ दिसते, तिच्यापुढचं काही नाही. सायप्रसची झाडं गुडघाभर पाण्यात उभी असतात. आपण वल्हवतोय की झाडंच मागे चाललीत, कळत नाही. मला खूप बरं वाटतं इथे. आई एकटी असते, ती खूश आहे.

पण एक स्वप्न पडतं. आपली आठ जणींची बोट नदीवर चाललीय, पाचवी जागा, म्हणजे माझी, रिकामी आहे आणि तिथलं वल्हं आपलं आपण चालतंय. कुणाला त्याचं काही नवल वाटत नाही. बोट सरळ जाते.

एकच विचारायचं होतं. ब्रिटाला माझी जागा मिळाली का? आणि जागेबरोबर माझी शिष्यवृत्ती? मी विचारलं हे कोचला सांगू नका.

तुमची,
रोझलिन


१९ जानेवारी
बोटघर

पोरी,

चाळीस वर्षं मी या बोटी दुरुस्त करतोय. इतक्या वर्षांत न सांगता पळालेल्या मुली तीन. पहिलीने लग्न केलं, दुसरी सैन्यात गेली, तिसरी तू. दारात उभी होतीस ते मला माहीत होतं. उघड्या दारातून पाठीला गार वारा लागतो, तेवढं कळतं म्हाताऱ्याला.

नदी चौदा इंच गोठलीय. दुपारी ऊन पडलं की बर्फ गातो. खालून एक लांब आवाज निघतो, पुलापासून थेट आपल्या धक्क्यापर्यंत येतो आणि विरतो. मी खुर्ची बाहेर टाकून ऐकत बसतो. बर्फावर जायला डॉक्टरने बंदी केलीय. गुडघा. पडलास तर उचलायला येणार नाही, असं म्हणाला तोंडावर. आमच्याकडे डॉक्टर असेच असतात.

ब्रिटा ठीक आहे. पहाटे बेकरीत वेलचीचे पाव वळते, सहाला इथे येऊन मशीनवर वल्हवते, मग वर्गात जाते. परवा तिने तुझी वेळ चार सेकंदांनी मोडली. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

तुझी निळी वही फळीवर राहिलीय. वर 'नदी गोठताना' असं लिहिलंय, आत वीस नोव्हेंबरपर्यंतचे आकडे आहेत, पुढे कोरी. तिचं काय करू?

वाइनो


२८ जानेवारी

प्रिय मिस्टर वाइनो,

चार सेकंद? खरं सांगा, मशीन बिघडलंय ना?

मला आनंद झाला. खरंच झाला. मग मी धक्क्यावर जाऊन अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसले, आणि आनंद झाल्यावर माणूस असं का करतं ते मला सांगता येणार नाही.

वही टाकून द्या. प्रोफेसर लुंडच्या विषयाचा तो शेवटचा अहवाल होता, नदी गोठण्यापासून बर्फ झिजू लागेपर्यंतचा. अर्धा राहिला. त्यांनी 'अपूर्ण' असा शेरा दिला. होईल नापास. इथल्या कोचला माझे बाकीचे विषय पुरेसे आहेत, त्यामुळे माझं काही अडत नाही. एक विषय गेला तर कुणाचं काय बिघडतं?

आणि तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. पाव, गुडघा, बर्फाचं गाणं, सगळं लिहिलंत. ब्रिटाला शिष्यवृत्ती मिळाली की नाही?

रोझलिन


५ फेब्रुवारी

रोझलिन,

नाही मिळाली.

लिहायचं नव्हतं. पण 'कुणाचं काय बिघडतं' वाचलं आणि मला राग आला. आता नीट वाच, कारण मीही मुलींच्या अभ्यासाकडे बघणाऱ्या मिसेस डालकडून दोनदा समजून घेतलंय, दोन कप कॉफी खर्च करून.

शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्या प्रत्येक मुलीचे प्रत्येक सत्राला दोन गुण असतात. एक पास झाल्याचा, एक टिकून राहिल्याचा. सगळ्या मुलींचे गुण मिळून संघाचा आकडा होतो. आपला आकडा गेली दोन वर्षं रेषेच्या खाली आहे. अशा संघातली एखादी मुलगी दोन्ही गुण घालवून गेली, तर तिची शिष्यवृत्ती वर्षभर बंद. तिला नाही, दुसरीला नाही, कुणालाच नाही. कपाट बंद, किल्ली वरच्या लोकांकडे.

तू गेलीस तेव्हा टिकण्याचा गुण गेला. तो आता परत येत नाही. पास होण्याचा अजून लटकलेला आहे. परीक्षा न देताही बाकीच्या विषयांत तू जेमतेम काठावर पास, त्यामुळे हा एक गेला की सत्रच गेलं. तेरा मार्चला 'अपूर्ण'चा 'नापास' होतो आणि कपाटाला कुलूप लागतं. तोवर कोचचेही हात बांधलेले.

ब्रिटा इथे शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर आली, दीड वर्ष फुकट वल्हवतेय. तिचा बाप शाळेची बस चालवतो, मागे दोन बहिणी. शरदात शिष्यवृत्ती नसेल तर ती घरी जाऊन बेकरीतच राहणार. मला म्हणाली, पाव वळायला काही वाईट नाही. पाव वळायला काहीच वाईट नाही, पण तिला धरणं बांधायचं शिक्षण घ्यायचंय, आणि ती तुझ्या वेळेपेक्षा चार सेकंद पुढे आहे.

मशीन बिघडलेलं नाही.

वाइनो


११ फेब्रुवारी

मिस्टर वाइनो,

तुमचं पत्र मी बोटीत बसून वाचलं. वल्हं हातातून सुटलं, सुकाणूवाली ओरडली. दिवसभर धुकं उठलं नाही. किंवा उठलं असेल, मी पाहिलं नाही.

तुम्हाला खोटं लिहिलं होतं. मी आईसाठी आले नाही. आई मला बघून दचकली, पहिला प्रश्न 'तुला काढलं का?'

नोव्हेंबरात कोचने आम्हा दोघींना बोलावलं आणि म्हणाली, बर्फ फुटला की तुमची जागेची शर्यत. तुम्ही शेकडो पाहिल्या असतील. दोन बोटी बरोबरीने पळवायच्या, मधे थांबायचं, दोघींनी पाण्यातच जागा बदलायच्या, पुन्हा पळवायचं. जिच्यामुळे बोट पुढे जाईल तिची जागा, आणि या वेळी जागेबरोबर शरदापासूनची शिष्यवृत्तीही. एकच होती. त्या संध्याकाळी ब्रिटा आमच्या खोलीवर माझे मोजे रफू करत बसली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला वाटलं, मी हिला हरवणार.

मला हरायची भीती नव्हती. जिंकायची होती.

बोटीत एक जागा रिकामी झाली की मागची पुढे सरकते. मला वाटलं, शिष्यवृत्तीही तशीच सरकेल. मी उठले की ती बसेल. परीक्षेच्या आधी निघाले तर कोचला लवकर कळेल, तिला लवकर मिळेल, इतका हिशेब केला मी. आठ वर्षं बोटीत बसून माझं डोकंही बोटीसारखंच झालंय.

प्रोफेसर लुंडना मी फोन केला. ते म्हणाले, तेरा मार्चच्या आत अहवाल आला तर तपासेन. वीस नोव्हेंबरनंतरचे, तुम्ही धक्क्यावरून मोजून बोटघराच्या भिंतीवर लिहिता ते आकडे चालतील. पण इथून पुढचे रोजचे हवेत, धक्क्यापासून पुलापर्यंत पाच ठिकाणी भोकं पाडून. मोजणी कुणीही करो, त्याचं नाव द्यायचं, आणि निष्कर्ष मात्र माझा हवा.

तुमचा गुडघा मला माहीत आहे. तरी विचारते. दुसरं कुणी नाही माझं तिथे.

आणि ब्रिटाला यातलं काही सांगू नका. माझ्यामुळे झालं हे तिला कळलं तर ती माझ्याशी जन्मात बोलणार नाही.

रोझलिन


१८ फेब्रुवारी

पोरी,

इतका मूर्खपणा इतक्या प्रेमाने केलेला मी पहिल्यांदा पाहिला. तुला ओरडायला चार पानं लिहिली होती, ती चुलीत घातली. चूल छान पेटली.

सोबत पहिले आकडे. पाच भोकं, रोज सकाळी सातला. भिंतीवरचे जुनेही उतरवलेत. धक्क्यापाशी सतरा इंच, पुलाजवळ बारा. चौथ्या भोकापाशी मजा आहे. तिथे बर्फ सगळ्यात पातळ, नऊच इंच, आणि खालचं पाणी किंचित उबदार लागतं. माझा बाप सांगायचा, तिथे तळाशी झरा आहे. तो सांगायचा तेव्हा आम्ही हसायचो.

सकाळी बर्फावर धुकं जमिनीलगत पसरतं. माणूस चालत गेलं की गुडघ्याखाली नाहीसं होतं. वरचा अर्धाच दिसतो, तरंगत गेल्यासारखा. मी खिडकीतून बघतो.

मोजणाऱ्याच्या नावाचं म्हणशील, तर तुला योग्य वाटेल ते टाक.

वाइनो


२५ फेब्रुवारी

प्रिय मिस्टर वाइनो,

आकडे पोचले. मी ते बायूच्या काठी बसून उतरवते. इथे अंगात पातळ सदरा, बाजूला बगळा, आणि कागदावर सतरा इंच बर्फ. कधीकधी वाटतं, आकडा लिहिला की बोटं गार पडतात.

पुन्हा ते स्वप्न पडलं. या वेळी पाचव्या जागेवर कुणीतरी होतं, पण धुक्यामुळे फक्त हात दिसत होते. चांगले हात होते, वल्हं नीट धरलेले.

दोन गोष्टी. खिडकीतून बघता म्हणजे काय? बर्फावर तुम्हीच असाल तर खिडकीत कोण? आणि तुमच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांना वेलचीचा वास येतो. एका चिठ्ठीवर पिठाचा अंगठा उठलाय. आकडेही गोल गोल आहेत, तुमचे तर खिळे ठोकल्यासारखे असतात. तब्येत बरी आहे ना? डोळ्यांचं काही?

इथल्या प्रयोगशाळेत मी चौथ्या भोकाचा आलेख काढला. तुमचे वडील बरोबर होते. तिथला बर्फ वरून वितळत नाहीये, खालून झिजतोय. मी सगळा अहवाल त्याच्याभोवती बांधतेय. वर काही दिसत नाही, बर्फ टणक दिसतो, त्यावरून माणसं चालतात, आणि खाली कुणीतरी रोज थोडी ऊब देत असतं.

रोझलिन


४ मार्च

पोरी,

वेलचीचा पाव मीही खातो. खाताना लिहिलं की पीठ लागतं. डोळे ठीक आहेत, चष्मा नवीन आहे, अक्षर गोल झालं असेल. खिडकीचं म्हणशील, तर माणूस बर्फावरून आल्यावर खिडकीत बसू शकतो. एवढी चौकशी प्रोफेसर लुंडही करत नाहीत.

हे शेवटचे आकडे. चौथ्या भोकापाशी काल पाच इंच. आता बर्फावर जाणं बंद, मी सक्त ताकीद दिली. म्हणजे, स्वतःला दिली.

काल दुपारी नदी गायली नाही. एकदाच खोल हुंकारली आणि गप्प झाली. ती अशी गप्प झाली की मला झोप लागत नाही, आणि लागली तर सगळ्या बोटी दिसतात, मी दुरुस्त केलेल्या, एकामागून एक धक्क्यावरून सुटणाऱ्या. कोणत्याच बोटीत कुणी नसतं, पण मला काळजी वाटत नाही. तुझ्या स्वप्नाची लागण झाली बहुतेक.

लिही आता. आठ दिवस उरलेत. नटवू नकोस, आहे तसं लिही.

वाइनो


१२ मार्च

मिस्टर वाइनो,

काल संध्याकाळी अहवाल पाठवला. एकवीस पानं. शेवटी लिहिलं, 'सर्व मोजणी वाइनो केस्किनेन यांची.' प्रोफेसरांचं उत्तर आलं, एकच शब्द, 'पोचला'.

काही कळलं तर लगेच लिहा. मी रोज टपालपेटीपर्यंत जाते, आणि पेटीत वाकून बघायच्या आधी थोडा वेळ उभी राहते.

रोझलिन


८ एप्रिल

रोझलिन,

उशीर झाला, कारण मिसेस डाल वरच्या लोकांची चिठ्ठी हातात आल्याशिवाय तोंड उघडत नाही. आज उघडलं.

तू पास. प्रोफेसर लुंडने 'बी' ग्रेड दिलीय आणि म्हणे चौथ्या भोकाची पानं पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवणार आहे. माझ्या बापाचं नाव त्यात आलं. तो असता तर म्हणाला असता, इतकी वर्षं काय करत होतात?

पास होण्याचा गुण परत आला. कपाट उघडलं. कोचने ब्रिटाला बोलावून शरदापासूनची शिष्यवृत्ती दिली. ती बाहेर आली, माझ्याकडचा पॉलिशचा फडका घेतला, आणि तासभर वल्ही घासली. सगळी चुकीच्या दिशेने घासली. मी ती नंतर पुन्हा घासली.

बर्फ तीस मार्चला सकाळी फुटला. मी भिंतीवर तारीख लिहिली. तुझं नावही लिहिलंय, शेजारी आणखी एक आहे.

पंचवीस एप्रिलला आपला संघ टेनेसीतल्या तळ्यावर शर्यतीला जातोय. तुमचाही येणार असं कोच म्हणत होती. पाचव्या जागेवर ब्रिटा आहे. तुझ्यासाठी माझ्याकडे काही सल्ला नाही. फक्त पळू नकोस.

वाइनो


२७ एप्रिल

प्रिय मिस्टर वाइनो,

तुम्ही खोटारडे आहात. हे मी प्रेमाने लिहितेय, पण लिहितेय.

शनिवारी सकाळी तळ्यावर असं धुकं होतं की शर्यत तासभर थांबवली. आमची बोट सुरुवातीच्या रेषेवर उभी होती, शेजारची दिसत नव्हती, नुसते आवाज येत होते. त्यात एक खोकला होता. त्या खोकल्याशेजारी मी दीड वर्ष झोपलेय. धुकं उठायला लागलं तसे आधी हात दिसले, वल्हं नीट धरलेले. मग ती. आमच्या दोघींच्या पाचव्या जागा अगदी शेजारीशेजारी. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शर्यतीआधी पाहायचं नसतं.

मग सुटलो. त्यातलं मला काही आठवत नाही. फक्त इतकं आठवतं की पहिल्यांदाच मला जिंकायची भीती वाटली नाही, कारण ती पूर्ण जोर लावत होती आणि मीही तसा लावला नाही तर तिचा अपमान होईल असं वाटलं. आम्ही अर्ध्या बोटीने जिंकलो.

रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. हरलेल्या बोटीतल्या मुलीने आपल्या जागेवरच्या जिंकलेल्या मुलीला अंगातला सदरा काढून द्यायचा. मी धक्क्यावर थांबले होते. ब्रिटा आली, आतल्या बनियनवर, सदरा हातात. निळा, ओला. कॉलरच्या आत माझ्या नावाची अक्षरं होती, मी जाताना परत केलेला तोच. खाली तिची.

मी म्हटलं, "हा नको मला. तुझ्याकडेच राहू दे."

"घे," ती म्हणाली. "हरले म्हणून देतेय. द्यायचं असतं ते असं, रोझ. शर्यत न लावता नाही."

मी म्हटलं, "तुला सगळं माहीत आहे?"

"म्हाताऱ्याने तुझं पत्र आलं त्याच दिवशी वाचून दाखवलं. मी तीन दिवस कुणाशी बोलले नाही. तुला वाटलं मी तुझ्याकडून हरले असते, आणि हरल्यावर मला सहन झालं नसतं. दोन्ही तूच ठरवलंस."

मी सदरा घेतला. मग ती म्हणाली, "आणि बर्फावर भोकं कोण पाडत होतं असं वाटलं तुला? वाइनोचे गुडघे?"

मिस्टर वाइनो, मी तिथेच खाली बसले. ती बेकरीतून निघून रोज सातला बर्फावर जात होती. ज्या मुलीने तिची शर्यत हिरावून घेतली तिच्या अहवालासाठी. पाच इंचाच्या बर्फावरसुद्धा. तुम्ही खिडकीत बसून बघत होतात आणि मला लिहीत होतात की चष्मा नवीन आहे.

मी विचारलं, "का केलंस?"

ती म्हणाली, "आधी वाटलं, स्वतःच्या शिष्यवृत्तीसाठी करतेय. मग चौथ्या भोकापाशी पाण्यात हात घातला, ते उबदार लागलं, आणि वाटलं हे रोझला सांगायला हवं. मग रोज तेच वाटत गेलं." आणि शेजारी बसली. मी रडले, ती रडली नाही, तिने फक्त माझे मोजे बघितले आणि विचारलं की इकडे सुई-दोरा मिळत नाही का?

पुढच्या वर्षी याच तळ्यावर पुन्हा. तिने सांगून ठेवलंय, सदरा धुऊन, इस्त्री करून आणायचा, कारण ती तो परत जिंकणार आहे.

सदरा दारामागच्या खिळ्याला लावलाय. रिकामी जागा पुन्हा स्वप्नात आली नाही. बायूवर आज धुकं नाही.

एक काम राहिलं होतं, ते सकाळी केलं. प्रोफेसर लुंडना पत्र टाकलं की शेवटच्या पानावर मोजणाऱ्याचं नाव चुकलंय. तिथे 'ब्रिटा नीगार्ड' असं लिहा, आणि वर्गात वाचाल तेव्हा ते आधी वाचा.

तुमची,
रोझलिन